टाकळीच्या पुलाखाली भीमा की चंद्रभागा?

सोलापूरहून विजयपूरकडे जाताना टाकळीच्या पुढे जो पूल लागतो, त्याखालच्या नदीला एका निबंधात ‘चंद्रभागा’ म्हटले आहे. पंढरपूरचीच नदी असल्याने ते बरोबर मानावे काय, अशी पृच्छा आहे. नदी तीच, हे खरे. तरी तेथे ‘भीमा’च लिहावे.

भीमाशंकराजवळ उगम पावल्यापासून कृष्णेला मिळेपर्यंत या नदीचे नाव भीमा. संस्कृतात ती भीमरथी आणि संतकाव्यात भिवरा होते, पण ही संपूर्ण नदीचीच नावे आहेत. चंद्रभागेचे तसे नाही. पंढरपुराशी पात्र चंद्रकोरीसारखे वळते, म्हणून तेवढ्या वळणापुरते ते नाव. (चिनाबचे जुने नावही चंद्रभागाच, पण ते चंद्रा आणि भागा या दोन प्रवाहांवरून पडलेले आहे.) स्नान चंद्रभागेत होते, वाळवंटही चंद्रभागेचे, ‘भीमेचे वाळवंट’ असे कोणी वारकरी म्हणणार नाही. पंढरपुरात पूर चंद्रभागेला येतो, पाणी मात्र उजनीतून भीमेत सोडलेले असते, आणि या बोलण्यात कोणालाही विसंगती जाणवत नाही.

पंढरपूर मागे पडले की चंद्रभागाही मागे पडते. पुढे दक्षिण सोलापुरातील हत्तरसंग कुडल येथे सीना येऊन मिळते, तीही भीमेलाच. ‘वांछि तो विजेया होईवा’ ही ओळ असलेला शके 940 चा, म्हणजे इ. स. 1018 चा, मराठी शिलालेख येथलाच. गावाचे नाव मात्र कानडी वळणाचे. ‘कूडल’ म्हणजेच संगम, त्यामुळे आपण सर्रास म्हणतो तो ‘कुडल संगम’ पावरोटीच्या जातीचा, एकाच अर्थाचे दोन भाषांतले शब्द जोडलेला, शब्द झाला. त्याला चूक ठरवण्याचे कारण नाही, दोन भाषांच्या शेजारात असे व्हायचेच.

या भागात काही अंतर नदीच महाराष्ट्र आणि कर्नाटक यांची हद्द होते: डाव्या तीरावर दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट, उजव्या तीरावर विजयपूर जिल्हा. राज्य आणि भाषा बदलली तरी पलीकडचे कन्नड भाषकही तिला भीमाच म्हणतात.

निबंधात दुरुस्ती करताना एवढे पाहावे, की ‘भीमाच्या काठी’ असे होऊ नये. गंगेच्या, कृष्णेच्या, तसेच भीमेच्या. ‘भीमाच्या’ म्हटले की गदा घेतलेला पांडव काठावर येऊन बसतो. समासात मात्र ‘भीमाकाठ’ बिनचूक आहे.