आधी जुन्या गाडीचं विचार

पोरी,

मेसेज वाचला, शोरूमला लागलीस, लई बरं वाटलं. ट्रेनिंगमधे टॉर्क, डिकीचे लिटर, स्क्रीनचे इंच असलं सगळं पाठ करायला लावलंय म्हणतेस, ते कर, टार्गेट मागणारे तुला तेच विचारणार. पण गिऱ्हाईक समोर येऊन बसलं की त्यातलं एक अक्षर न बोलता एवढंच विचारायचं, "आत्ता कुठली वापरताय?" आणि मग गप ऐकायचं. नवीन गाडीबद्दल माणूस यूट्यूबवर ऐकलेलं बोलतो, जुनीबद्दल मात्र स्वतःचं बोलतो, आणि त्याला काय विकायचं ते त्यातच असतं.

"किती देते?" हे प्रत्येकजण विचारणार. आकडा सांगून टाक, वर हेही सांग की तो टेस्टमधला आहे, गावातल्या ट्रॅफिकला एवढा पडत नाही. पण मायलेजवरनं गाडी ठरते असं समजू नको, तो प्रश्न म्हणजे लग्नात भेटल्यावर "जेवण झालं का" विचारतात तसला.

आता वॅगनआर घे. १९९९ च्या शेवटी आली तेव्हा लोक डबा म्हणून हसायचे, अजूनही हसतात, आणि रस्त्यावर बघ किती आहेत. वापरणाऱ्याला विचारलंस तर आधी म्हणेल मेंटेनन्स नाही हो काही, सर्व्हिसिंग स्वस्त, पार्ट कुठंही मिळतो, आणि चहा संपत आल्यावर हळूच म्हणेल की आईला बसायला सोपी पडते. ते खरं कारण. सीट उंच आहे, त्यामुळं गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाकून आत शिरावं लागत नाही. म्हणून घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांना घेऊन या म्हणून सांग, आणि ती बसताना नको, उतरताना बघ. बसायला सगळेच बसतात, उतरताना दाराला धरून जोर लावावा लागला की समज ती गाडी त्या घरात रुळायची नाही, मग पोराला सनरूफ कितीही आवडू दे.

बोलेरोला शहरातली पोरं नाकं मुरडतात. आवाज करते, आतलं सगळं साधं, मागच्या आडव्या सीटवर बसून घाट चढला तर पोटातलं बाहेर येतं. सगळं खरं आहे. पण चंदगड, शाहूवाडी, पाटणकडच्या माणसाला विचार. २००० सालापासून ही गाडी तशीच टिकून आहे, खाली ट्रकच्या पद्धतीची चॅसी, मागं पाट्यांच्या स्प्रिंगा, ताकद मागच्या चाकांना, आणि चौकोनी बॉनेट सीटवरनं पार टोकापर्यंत दिसतं त्यामुळं बांधाच्या कडेनं, उसातल्या वाटेनं घालायला भीती वाटत नाही. शिवाय तालुक्याचा मिस्त्री ती डोळे झाकून उघडतो. असल्या माणसाला तू टचस्क्रीन फिरवून दाखवत बसलीस तर तो चहा पिऊन जाईल, परत यायचा नाही.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे जुनी स्विफ्ट डिझेल घेऊन येणारं. ते १.३ लिटरचं इंजिन मूळचं फियाटचं, मारुतीनं लायसन्सवर बनवलं, टाटाच्या व्हिस्टातसुद्धा तेच होतं. इंजिन हळू फिरताना, म्हणजे खालच्या आरपीएमला ढिम्म, २००० आरपीएमच्या आसपास टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, उठला की पाठ सीटला चिकटायची, आणि पुस्तकात ज्याला दोष म्हणतात नेमकं तेच लोकांना आवडायचं. एप्रिल २०२० ला बीएस ६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आले आणि मारुतीनं डिझेल बंदच करून टाकलं. आता हा माणूस साधी पेट्रोल चालवून बघणार आणि म्हणणार हिला जोर नाही, आणि त्याचं काही चूक नाही, त्याच्याशी वाद घालू नको. टेस्ट ड्राइव्ह म्हणजे सपाट हायवेवर दोन किलोमीटर आणि यू टर्न ही पद्धत मला कधी पटली नाही. मॅनेजरच्या मागं लाग आणि जोतिबाच्या चढावर ने त्याला, चार माणसं बसवून, एसी लावून, टर्बो पेट्रोल असेल तर ती दे. आणि डिझेलच पाहिजे म्हणणारा जर रोज फक्त घर ते दुकान दोन किलोमीटर जाणार असेल तर त्याला सरळ नको सांग, आताच्या डिझेलला धुराचा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी जरा लांब पळावी लागते, नाहीतर तुंबतो आणि मग तो तुझ्या नावानं ओरडत येतो.

सेफ्टीचं पण बोलायला लागलेत लोक आता. आधी बोटानं पत्रा वाजवून बघायचे, दार लावल्यावर धप्प आवाज आला की गाडी मजबूत! २०१८ ला टाटाच्या नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे, म्हणजे गाडी आपटून सेफ्टी तपासणाऱ्या संस्थेचे, पाच स्टार मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच, तेव्हापासनं स्टार विचारतात. पत्र्याच्या जाडीवर काही ठरत नाही, आतला सांगाडा महत्त्वाचा, एवढं शांतपणे सांग. स्टार कुठल्या सालच्या टेस्टचे तेही सांग, कारण नियम मधे कडक झालेत, २०२३ च्या ऑक्टोबरपासनं आपलं भारत एनकॅप पण सुरू झालंय. मागच्या सीटचा पट्टा मात्र स्वतः ओढून लावून दाखव, तो कव्हरखाली दाबून टाकतात लोक.

अजून एक, ह्याची मला फार चीड आहे. बाई स्टिअरिंगवर बसलेली असते, गाडी तीच चालवणार असते, आणि सेल्समन खिडकीतनं वाकून बोलतोय नवऱ्याशी. तू तरी असं करू नको. सीट वर घेऊन दे, पुढचं टोक दिसतंय का विचार, रिव्हर्स तिलाच घेऊ दे.

सीएनजी मागितली की पंप घरापासनं किती लांब आणि गणपतीला कोकणात सामान किती नेता, हे दोन विचार. एका मोठ्या सिलेंडरनं डिकी खाल्लेली असते आणि हे डिलिव्हरीनंतर कळलं की घरात भांडण.

बाकी रंग, नंबरची बेरीज नऊ, ह्यात पडू नको, लोकांना जे पाहिजे ते घेऊ दे. फक्त गाडी यार्डात डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाडव्याची डिलिव्हरी कुणालाही कबूल करायची नाही, मॅनेजर म्हणाला तरी नाही. आणि लिंबं, नारळ आदल्या दिवशीच आणून ठेव, त्या दिवशी सकाळी बाजारात दुप्पट भाव असतो.

तुझा,
काका