ऑफिसात धान्य गोळा करून फूड बँकेला द्यायचंय, काय मागावं?

आधी संस्थेला फोन करा, खोका नंतर ठेवा. 'जमेल ते द्या' लिहिलंत की कपाटात पडून राहिलेली सूपची पाकिटं आणि तारीख उलटलेली बिस्किटं येतात. ती निवडण्यात संस्थेच्या लोकांचा दिवस जातो.

माझं मत विचाराल तर एकच वस्तू मागा: तूरडाळीचं एक किलोचं सीलबंद पाकीट. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबांना रेशनवर महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळतं, पण डाळ-तेल बहुतेकदा विकतच घ्यावं लागतं. घरात खरी ओढाताण तिथेच होते.

कणीक आणि सुटं धान्य नकोच, पावसाळ्यात तर मुळीच नको. कणकेला जाळी धरते, तांदळात पोरकिडे होतात. तेलाचे पाऊच कुणी आणलेच तर वेगळ्या क्रेटमध्ये उभे ठेवा. एक जरी फुटला तरी खालची सगळी पाकिटं चिकट होतात, आणि तसलं पाकीट कुणाच्या हातात ठेवायला मन धजत नाही.

कँटीनचं उरलेलं शिजवलेलं अन्न यात मिसळू नका. त्यासाठी एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षेवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) २०१९ चे वेगळे नियम आहेत.

मालकांना जरूर गळ घाला: कर्मचाऱ्यांनी जेवढे किलो दिले, तेवढ्याच किमतीची रक्कम कंपनीनं संस्थेला द्यावी. टेम्पोचं भाडं, गोदाम यांना रोख पैसाच लागतो. करसवलत हवी असेल तरी पैसेच द्या; ८०जी नावाने ओळखली जाणारी देणगीवरची आयकर सवलत वस्तूरूप दानाला लागू होत नाही.

दिवाळीत सगळेच देतात. तुम्ही जून-जुलै धरा.