घरात आलेल्या फायबरला स्प्लिटर लावून वरच्या मजल्यावर दुसरं कनेक्शन चालेल का?

तुम्ही विचारलंय की खाली तुमचं फायबरचं कनेक्शन आहे, वर भावाचं बिऱ्हाड आहे, तर ऑनलाइन मिळणारा एकास दोनचा छोटा स्प्लिटर (एका फायबरमधला प्रकाश दोन फायबरमध्ये वाटणारा तुकडा) लावून एकाच तारेवर दोन घरं चालतील का, आणि त्याने स्पीड निम्मा होईल का.

स्प्लिटर लावू नका. पण स्पीड निम्मा होतो हे कारण त्यामागे नाही. मी सांगली भागात आधी केबल टीव्हीच्या लाइनवर होतो, आता बरीच वर्षं फायबर जोडण्याचंच काम करतोय. स्प्लिटरबद्दल हा गैरसमज मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या घरात येणारी फायबर आधीच वाटून आलेली आहे. कंपनीच्या ऑफिसमधल्या ओएलटीच्या, म्हणजे सगळ्या घरांशी बोलणाऱ्या मुख्य यंत्राच्या, एका पोर्टमधून एकच फायबर निघते. वाटेत कुठेतरी खांबावरच्या किंवा जिन्यातल्या डब्यात स्प्लिटरने ती एकास चार होते, पुढे प्रत्येकीची एकास आठ होते, आणि अशी ३२ घरं एका पोर्टवर बसतात. या डब्यांना वीज लागत नाही. कोअॅक्सच्या, म्हणजे केबल टीव्हीच्या तांब्याच्या तारेच्या, काळात ठरावीक अंतरावर अॅम्प्लिफायर लागायचा, त्याला सप्लाय द्यावा लागायचा, आणि लोडशेडिंग झालं की घरात इन्व्हर्टर असूनही टीव्ही बंद. आज मधल्या वाटेत नुसती काच आहे.

ही काच प्रकाश वाटते कशी? जुनी पद्धत म्हणजे दोन फायबर शेजारी धरून तापवायच्या आणि ताणायच्या. ताणताना दोन्हींचे गाभे इतके जवळ येतात की एकीतला प्रकाश दुसरीत झिरपतो. किती ताणलं यावर वाटा ठरतो, म्हणून १०:९० किंवा ३०:७० असे कमी-जास्त वाट्याचे कपलर बनवता येतात. केबलवाले ते अजून वापरतात: रस्त्याकडेच्या वाडीला दहा टक्के द्यायचे, बाकीचा प्रकाश पुढच्या गावाला. इंटरनेटच्या डब्यात असतो तो पीएलसी स्प्लिटर. त्यात काचेच्या लहानशा चिपवर प्रकाशाच्या वाटा कोरलेल्या असतात, एका वाटेला दोन फाटे, त्या प्रत्येकाला पुन्हा दोन, आणि सगळ्यांना जवळपास सारखा वाटा मिळतो.

आता हिशोब. आम्ही प्रकाश डीबीमध्ये मोजतो. ३ डीबी गेले म्हणजे प्रकाश निम्मा. डीबीएम म्हणजे एका मिलिवॉटच्या तुलनेत किती डीबी कमी-जास्त. ओएलटीतून समजा +३ डीबीएम निघाला. एकास चारमध्ये साधारण ७ गेले, एकास आठमध्ये साडेदहा. तीन किलोमीटर फायबरमध्ये जेमतेम एक, आणि कनेक्टर व जॉइंट मिळून दीड. घरी उरले उणे १७. म्हणजे एका मिलिवॉटचा पन्नासावा भाग! त्यावर तुमचा ओएनटी, म्हणजे फायबर जिथे लागते तो घरातला डबा, व्यवस्थित चालतो, कारण नेहमीच्या जीपॉनमध्ये (एक फायबर वाटून घरोघरी नेट देण्याच्या या पद्धतीत) त्याला उणे २७ पर्यंतचा प्रकाश वाचता येतो. किलोमीटरच्या किलोमीटर फायबर खात नाही तेवढा प्रकाश एकटा स्प्लिटर खातो, ही गोष्ट नवीन मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगतो.

यात स्पीड कुठेच आला नाही. प्रकाश उणे १५ असो की उणे २२, स्पीड तोच. मर्यादेच्या जवळ गेलं की मात्र चुका होऊ लागतात, नेट अडखळतं, आणि शेवटी ओएनटीवरचा एलओएसचा (सिग्नल हरवल्याचा) दिवा लाल लुकलुकतो. स्पीडची वाटणी वेगळीकडे होते: पोर्टवर खाली येणारे सुमारे अडीच गिगाबिट ३२ घरांत मिळून असतात. सगळ्यांनी एकाच क्षणी पूर्ण जोराने डाउनलोड केलं तर प्रत्येकाला ७८ मेगाबिटच्या आसपास मिळेल, पण तसं सहसा होत नाही.

खाली येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा, वर जाणारा १३१० चा, म्हणून दोन्ही एकाच फायबरमधून जातात. खाली येणारा डेटा सगळ्याच घरांत पोचतो. तुमचा ओएनटी तुमच्यापुरता उचलतो, आणि शेजाऱ्याला तुमचा वाचता येऊ नये म्हणून तो एन्क्रिप्ट करायची सोय जीपॉनमध्ये आहे. वर जाताना मात्र सगळ्यांनी एकदम बोलून चालत नाही. ओएलटी प्रत्येक घराचं अंतर मोजतो आणि प्रत्येकाला मायक्रोसेकंदांत मोजलेली पाळी देतो. पाळी नसताना लेसर बंद ठेवायचा, हा नियम. एका सोसायटीत दिवसातून अनेकदा सगळ्यांचंच नेट जायचं. पॉवर मीटरवर प्रत्येक घरचं रीडिंग चांगलं. दोन दिवस आम्ही जॉइंट उघडत बसलो. शेवटी स्प्लिटरचं एकेक आउटपुट काढत गेलो, आणि सहावं काढल्याबरोबर बाकीची सगळी घरं सुरू झाली. त्या घरातला बिघडलेला ओएनटी आपली पाळी नसतानाही लेसर चालूच ठेवत होता.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे. एकास दोन लावलात तर साडेतीन डीबी जातील, वर दोन कनेक्टर वाढतील, म्हणजे उणे १७ चे उणे २१ होतील. प्रकाशाच्या हिशोबाने दोन्ही ओएनटी चालायला हवेत. पण दुसऱ्या ओएनटीचा सिरियल नंबर ओएलटीत नोंदलेला नसेल तर त्याला पाळीच मिळणार नाही, आणि तो सदोष निघाला तर अख्ख्या पोर्टवरची घरं बंद पडतील. शिवाय पुढे उंदराने तार कुरतडली किंवा कुणी फर्निचरमागे ती मुडपली, तर ते सोसायला जी जागा हवी ती तुम्ही आधीच खर्च केलेली असेल.

त्याऐवजी खालच्या ओएनटीच्या लॅन पोर्टमधून कॅट सिक्सची वायर वर न्या आणि भावाकडे साधा वायफाय राउटर लावा. शंभर मीटरपर्यंत ती वायर उत्तम चालते. भावाला स्वतंत्र प्लॅनच हवा असेल तर प्रोव्हायडरकडून जिन्यातल्या डब्यातलं रिकामं आउटपुट मागा. आठपैकी एखादं बऱ्याचदा मोकळं असतं.

तोवर ओएनटीच्या पेजवर आरएक्स पॉवर (घरी पोचणारा प्रकाश) किती दाखवतंय ते बघा. उणे २५ च्या खाली, म्हणजे उणे २६, २७ असं असेल तर भावाचं काम थांबवून आधी तक्रार नोंदवा. तंत्रज्ञ आल्यावर त्याला हिरवा कनेक्टर अल्कोहोलने पुसायला सांगा, आणि निळ्या टोकाची पॅचकॉर्ड (जोडणीची छोटी फायबर वायर) हिरव्यात बसवलेली नाही ना, हे समोर उभं राहून पाहा. हिरव्याचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ, त्यामुळे दोन्हींच्या मधे फट राहते आणि प्रकाश तिथेच वाया जातो. मला सापडलेल्या कमी पॉवरच्या कितीतरी केसेस एवढ्याशाच निघाल्या आहेत.