पहिल्याच भेटीत घटनेचं विचारू नकोस

अगं, लैंगिक अत्याचार सोसलेलं चौदा-पंधरा वर्षांचं मूल समुपदेशनाला समोर बसलं की आपल्यालाच घाई होते, नेमकं काय झालं होतं? तो प्रश्न राहू दे. बहुतेकदा ते स्वतःहून आलेलं नसतं, कुणीतरी धरून आणलेलं असतं. पहिल्या दोन-तीन भेटी झोप, शाळा, मोबाइल यांतच गेल्या तरी चालतील. दार उघडं हवं की बंद, कुठल्या खुर्चीत बसायचं, हे त्याला ठरवू दे. ज्याच्या शरीराचं दुसऱ्यानेच ठरवलं, त्याला हे छोटं वाटत नाही.

गुप्ततेबद्दल मात्र पहिल्या दिवशीच खरं सांग. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. सुरुवातीला मी एका मुलीला "कुणालाही सांगणार नाही" म्हणून बसले होते. तिचा विश्वास परत मिळवायला महिने गेले.

आघातकेंद्री सीबीटी, म्हणजे अशा आघातानंतर विचार आणि वागण्यावर काम करणारी उपचारपद्धती, तू शिकली असशीलच. साधारण १२ ते १६ सत्रं. आधी श्वास, शरीर शांत करणं, भावनांना नावं देणं, आठवणी त्यानंतर. वेग हवा तसा बदल, हा क्रम मात्र बदलू नकोस. काहींना बोलण्यापेक्षा टाइप करणं सोपं जातं, करू दे. अत्याचार घरातल्याच कुणी केला असेल, तर पालकांच्या सत्राला कोण येणार हे आधी तपास.

मुलगे बऱ्याचदा "फार चिडतो" एवढ्याच तक्रारीवर येतात. शाळेच्या चिठ्ठीत त्यापुढचं काही नसतं.