हिंगण्याच्या शेडमधलं विमान आणि साडेसात लाखांचं जुनं इंजिन

वाचकाचा प्रश्न: माझं वय ४७, नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. तीन वर्षांपासून किट आणून दोन सीटचं हलकं विमान स्वतः बांधतोय, अजून दोन वर्षांचं काम बाकी आहे. एका ओळखीच्या माणसाकडे वापरलेलं रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिन आहे. ११ वर्षं जुनं, ६४० तास चाललेलं, चार वर्षांपासून काढून ठेवलेलं. साडेसात लाख मागतो. नव्याचं कोटेशन सगळं धरून २२ लाखांचं आलं. विमानासाठी साडेतीन लाख बाजूला आहेत, बाकीचे चार लाख १२ लाखांच्या एफडीतून काढेन म्हणतो. ती एफडी मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी आहे, ती सध्या अकरावीत आहे. दरमहा ४० हजार शिल्लक पडतात. दोन हजार तासांपैकी १३६० तास बाकी आहेत, मग सौदा स्वस्तच झाला ना?

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दिवसभर लेथवर उभं राहून रात्री विमान बांधणाऱ्या माणसाला ‘हा खर्च कशाला’ असं मी विचारणार नाही. हे विमान उडावं असं मलाही मनापासून वाटतं. पण या भावात हे इंजिन घेऊ नका, आणि एफडीला तर हातच लावू नका.

तुमचा हिशेब तासांवर उभा आहे. साडेसात लाख भागिले १३६०, म्हणजे तासाला साधारण ५५० रुपये. ऐकायला छान वाटतं. मात्र या इंजिनाची ओव्हरहॉलची, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त करायची, मुदत कंपनीने दोन अटींवर बांधली आहे: २००० तास किंवा १५ वर्षं, जे आधी भरेल ते. इंजिनाची ११ वर्षं झाली आहेत. तुमचं विमान तयार व्हायला अजून दोन. म्हणजे ते पहिल्यांदा उडेल तेव्हा इंजिन १३ वर्षांचं असेल आणि मुदतीतली दोनच वर्षं हातात राहतील. धंदा सांभाळून तुम्ही वर्षाला ६० तास उडालात तरी पुष्कळ झालं. दोन वर्षांचे तास झाले १२०.

त्यात आणखी एक खर्च आहे. या इंजिनाचे रबरी भाग दर पाच वर्षांनी बदलावे लागतात: पेट्रोलचे, तेलाचे आणि कूलंटचे पाइप, कार्बोरेटरचे सॉकेट आणि डायफ्रॅम. फ्युएल पंपही त्याच फेरीत जातो. चार वर्षं पडून असलेल्या इंजिनाचं हे काम तुम्हालाच करावं लागेल. तपासणीसकट दीड लाख धरा. मग नऊ लाख भागिले १२०, म्हणजे तासाला साडेसात हजार. नवं इंजिन २२ लाखांचं असलं तरी १५ वर्षांत, वर्षाला ६० प्रमाणे, ९०० तास देतं. तासाला पडतात २,४४४ रुपये. स्वस्त वाटणारं इंजिन तिप्पट महाग पडतंय.

आता दुसरी बाजू. १५ वर्षं भरली म्हणून इंजिन त्या दिवशी बंद पडत नाही. परदेशात हौशी मालक मुदत संपल्यावरही नियमित तपासणी करून इंजिन वापरतात. तुम्हाला तशी आणखी पाच वर्षं मिळाली तर ४२० तास होतात आणि तासाचा खर्च २,१४३ वर येतो, नव्याच्या जवळपास. पण ही परवानगी कागदावर मिळेल का, हे डीजीसीएकडे, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाकडे, लेखी विचारल्याशिवाय तिच्या भरवशावर एक रुपयाही देऊ नका.

कागदांना वेळ लागतो हेही धरून चाला. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात लोकांनी पाहिलं आणि त्याची नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. तुमची फाइल टेबलावर पडून असेल त्या काळातही इंजिनाची वर्षं मोजली जाणारच.

तुमचं पत्र आल्यावर मी एका निवृत्त एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरकडे जाऊन बसलो. त्यांनी कपाटातून अशाच इंजिनाच्या कार्बोरेटरमधले दोन काळे फ्लोट (पेट्रोलवर तरंगून त्याची पातळी राखणारे तुकडे) काढले, बोटाच्या पेराएवढे. छोट्या काट्यावर ठेवले, तर ७.८ ग्रॅम भरले. दोन्ही मिळून ७ ग्रॅमच्या आत असायला हवेत. पेट्रोल शोषून फ्लोट जड झाले की कार्बोरेटर ओसंडतो आणि इंजिन झटके द्यायला लागतं. तसा काटा नसेल तर इतवारीतल्या कुठल्याही सराफाकडे तोलून मिळेल. बाकीची तपासणी तुमच्यासारख्या मशिनिस्टला सांगायला नको: प्रोपेलर शाफ्टला डायल गेज लावा, मॅग्नेटिक प्लगवर लोखंडाचा चुरा आहे का बघा, सिलिंडरमध्ये बोरस्कोप घाला. लॉगबुक पहिल्या पानापासून वाचा. प्रोपेलर कधी जमिनीला लागला होता का, आणि लागला असेल तर इंजिन उघडून पाहिलं का, हे मालकाकडून लिहून घ्या. काढून ठेवताना आतून तेलाचं संरक्षण केलं होतं का तेही विचारा. चार पावसाळे कोरडं पडलेलं इंजिन बाहेरून चकचकीत दिसलं तरी आतल्या कॅमशाफ्टवर गंज असू शकतो.

कोणी ८० हॉर्सपॉवरचं स्वस्त इंजिन सुचवलं तर भुलू नका. सोनेगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर आहे, पण मे महिन्यात पारा ४५ वर गेला की हवा इतकी विरळ होते की इंजिनाला आपण पाच हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. तुमच्या ९१२ यूएलएसच्या शंभर हॉर्सपॉवरमधलेही बरेच तिथे गळतात.

इंधनही हिशेबात धरा. या इंजिनाला दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं आणि आपल्या पंपांवर आता २० टक्क्यांचं पेट्रोल मिळतं. म्हणजे बहुधा एव्हगॅस, विमानांचं शिसं घातलेलं पेट्रोल, घ्यावं लागेल. त्यातल्या शिशामुळे इंजिन ऑइल जास्त लवकर बदलावं लागतं. सरळ एका वेगाने उडताना तासाला १८ ते २० लिटर धरून स्वतःच महिन्याचा आकडा काढा.

मग करायचं काय? मॉडेल आजच ठरवा, कारण इंजिन बसवायची चौकट (माउंट) आणि वरचं झाकण (काउलिंग) त्यावर अवलंबून आहे. लाकडाचं डमी इंजिन बसवून काम पुढे न्या. खरं इंजिन सगळ्यात शेवटी घ्या. दरमहाचे ४० हजार दोन वर्षांच्या आरडीत टाका, साडेसहा टक्क्यांनी सव्वादहा लाखांच्या आसपास होतील. बाजूचे साडेतीन धरले तर पावणेचौदा लाख. तेवढ्यात पाच-सहा वर्षांचं, विमानावर चालू असलेलं इंजिन शोधता येईल. तुमच्यासारखाच एखादा हौशी भागीदार मिळाला तर नवंही आवाक्यात येतं.

समोरचा साडेतीन लाखांवर आला आणि तपासणीत इंजिन स्वच्छ निघालं, तर मात्र घ्या. रबरी भागांचे दीड लाख मग दरमहाच्या शिल्लकीतून जातील, तेवढी आरडी उशिरा सुरू होईल. पैसे वाया गेलेच तर ते हौसेचे जातील, मुलीच्या फीचे जाणार नाहीत. तिची पहिली फी भरायची वेळ आणि तुमचं विमान तयार व्हायची वेळ एकच आहे, त्यामुळे एफडीत पाडलेलं खिंडार भरायला मध्ये वेळच मिळणार नाही.

विम्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मला तीच काळजी जास्त आहे. अपघाती मृत्यूच्या रायडरमध्ये, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या जादा कव्हरमध्ये, साधारणपणे एक अट असते: तिकीट काढून प्रवासी म्हणून विमानात बसलात तरच दावा मिळतो. स्वतः बांधलेलं विमान चालवताना तो रायडर नसल्यातच जमा. टर्म पॉलिसी नवी घेणार असाल तर फॉर्ममध्ये उड्डाणाचा छंद स्पष्ट लिहा, प्रीमियम वाढला तरी चालेल. लपवलंत तर पहिल्या तीन वर्षांत कंपनी पॉलिसीवर प्रश्न उचलू शकते, आणि नव्या विमानाची पहिली उड्डाणंही तुम्ही त्याच काळात करणार आहात. पॉलिसीची प्रत काढा, वहिनींसोबत बसून अपवादांचं पान वाचा आणि कंपनीला लेखी विचारा. त्यांचं उत्तर आलं की मला पाठवा, इंजिनाच्या मालकाशी भावाचं त्यानंतर बोलू.