झरीना यांच्या चित्रांत चार रेघा सोडून काय आहे? आणि त्यात जपानी काय?

लाकडावर कोरून चित्रं छापणाऱ्या झरीना हाश्मी यांच्याबद्दलचा हा प्रश्न, त्यातलं ‘चार रेघा’ वाचलं आणि राहवलं नाही. हेच शब्द मी घरात ऐकलेत.

वाईचा आमचा वाडा विकला, त्या वर्षी मी त्याचा नकाशा आठवणीतून लाकडावर कोरला. ओसरी, चौक, माजघर, परसातली विहीर. चित्र उलटं करून फळीवर उतरवलं, रेघांच्या दोन्ही कडा सोडवल्या आणि मधली जागा खणत बसले. आठ दिवस गेले. प्रेस नव्हता, म्हणून रोलरने शाई लावून वर कागद ठेवला आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासून छाप घेतला. विक्रीचा व्यवहार दादाने केला होता. त्याने छाप पाहिला, सिटी सर्व्हेचा नकाशा शेजारी ठेवला आणि म्हणाला, “माजघर ओसरीच्या दुप्पट? माप चुकलंय. चार रेघा काढल्यास, बाकी कागद रिकामाच सोडलास.”

सोडला नव्हता, कोरला होता. वुडकटमध्ये, म्हणजे लाकूड कोरून घेतलेल्या छापात, काळं म्हणजे जिथे हत्यार लावलं नाही ते लाकूड. मनगट दुखतं ते कोऱ्या जागेसाठी.

झरीना यांची २००१ सालची ‘डिव्हायडिंग लाइन’ बघा. फाळणीची रॅडक्लिफ रेषा, बस. ती एक वाकडी रेघ उभी राहावी म्हणून बाकीची फळी कोरून काढावी लागते. त्या १९३७च्या, अलीगढच्या. गणित शिकलेल्या. आईवडील पुढे पाकिस्तानात गेले, त्या स्वतः बँकॉक, पॅरिस, टोकियो करत न्यूयॉर्कला राहिल्या. ‘होम इज अ फॉरेन प्लेस’मध्ये (१९९९) ३६ वुडकट आहेत आणि प्रत्येकावर एक उर्दू शब्द. घर, दार, उंबरठा असे. उंबऱ्याला मोजक्या रेघा पुरतात, कारण पाय तिथे अडखळलेला असतो.

जपानी म्हणाल तर १९७४ साली त्या टोकियोत तोशी योशिदा या जपानी चित्रकाराकडे लाकडी ठशांची छपाई शिकल्या. कोझो झाडाच्या सालीचा हातकागद त्या वापरत. तो पातळ पण चिवट असतो, बोटांखाली त्याचे धागे लागतात. आणि ‘मा’ ही जपानी कल्पना, म्हणजे दोन गोष्टींमधली मुद्दाम राखलेली मोकळी जागा. ती रिकामी वाटत असेल तर तुम्ही घाईत बघताय, एवढंच म्हणेन.

सगळं श्रेय जपानला देऊ नका, हेही खरं. पॅरिसला हेटर या छापाचित्रकाराच्या स्टुडिओतलं शिक्षण होतं, गणित होतं. मी स्वतः जपानला गेलेले नाही, जे सांगतेय ते हत्यार धरून कळलेलं.

पण आठवणीतून घर काढणार असाल तर सरकारी नकाशा समोर ठेवू नका आणि विक्रीच्या कागदावर सही करणाऱ्याला माप विचारू नका. माजघरात आजीशेजारी आम्ही सात नातवंडं ओळीने झोपायचो. ओसरीवर कोणी झोपत नसे.

दादा, वाचत असशील तर, माजघर तेवढंच होतं.