मोरावर बसून स्वर्गात गेलेली पावलिना

‘चांदीच्या नाण्यावर बाईचा चेहरा, मागे मोर, पण सम्राटाचं नावच नाही, म्हणजे नकलीच ना?’ असं तुम्ही विचारलंय. नाव नाही म्हणून नकली ठरवू नका. या बाईच्या एकाही नाण्यावर ते नसतं.

फोटोत अक्षरं दिसतात ती ‘दिवा पावलिना’. (रोमन लोक ‘यू’ला ‘व्ही’च कोरायचे, त्यामुळे वाचताना अडखळायला होतं.) दिवा म्हणजे देवपद मिळालेली, अर्थात मेल्यानंतर. तिच्या हयातीतलं एकही नाणं माहीत नाही. इ.स. २३५ ते २३८ राज्य केलेल्या रोमन सम्राट माक्सिमिनस थ्राक्सची ती बायको. पण ही सोयरीक नाण्यावर लिहिलेली नाही, ती जुळवावी लागते. नाण्यांची घडण त्याच्याच काळातली आहे आणि चेहराही साक्ष देतो. माक्सिमिनसची ती पुढे आलेली दांडगी हनुवटी बघा, मग डोक्यावरून पदर घेतलेल्या पावलिनाची बघा. कोरणाऱ्याने नवऱ्याची हनुवटी बायकोलाही बहाल केली आहे! पूर्ण नाव, कैकिलिया पावलिना, एका शिलालेखामुळे कळतं. चौथ्या शतकातला रोमन इतिहासकार अम्मियानस सांगतो की ती नवऱ्याचा तापटपणा आवरायची, पण तो या उताऱ्यात तिचं नाव घेत नाही.

बाराव्या शतकातला इतिहासकार झोनारस म्हणतो की नवऱ्यानेच तिला मारलं. नऊशे वर्षांनी लिहिलेल्या गोष्टीवर मी फार भरवसा ठेवत नाही. मात्र ‘मारलं असतं तर देवी कशाला केलं असतं’ हा युक्तिवादही लंगडा आहे. सम्राट नीरोची बायको पोप्पेया त्याच्याच लाथेने मेली असं रोमन इतिहासकारच सांगतात, आणि तिलाही त्याने देवी केलंच होतं.

आता मोर. तो रोमन देवी जूनोचा पक्षी. सम्राट वारला की त्याला गरुड वर नेतो, सम्राज्ञीला मोर. तुमच्या नाण्यावर ती मोराच्या पाठीवर बसली आहे, एक हात उंचावलेला, दुसऱ्यात राजदंड, भोवती ‘कॉन्सेक्रात्सिओ’, म्हणजे देवत्वप्राप्ती. दुसऱ्या प्रकारात नुसताच पिसारा फुलवलेला मोर असतो.

अवांतर: मोरावर आपला कार्तिकेयही बसतो, गुप्त सम्राट कुमारगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यांवर. संबंध काही नाही, पण दोन्ही नाणी शेजारी ठेवली की मजा वाटते.

खरं-खोटं बघायचं तर कड बघा. हे नाणं ठोकून पाडलेलं असतं, त्यामुळे कडेला बारीक तडे चालतात, पण कडेभर गोल फिरणारी सांध्याची रेघ दिसली किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांची भोकं दिसली तर ते ओतीव, म्हणजे नकली आहे. वजन तीन ग्रॅमच्या आसपास हवं. चांदी साधारण निम्मीच असते, तेव्हा सोनार ‘खोटी चांदी’ म्हणाला तरी घाबरू नका.

आणि कृपा करून घासू नका. मी माझ्या पहिल्या रोमन नाण्याला टूथपेस्ट लावली होती, चकाकी आली आणि राणीचं नाक गेलं. सोनाराच्या काट्यावर वजन करा आणि कडेचा जवळून काढलेला फोटो टाका, मग बोलू.